सासऱ्याच्या छातीवर हात

माझा नवरा माझ्यासमोर गेला, आणि त्याला वाचवायला आलेला एकच हात मी धरून ठेवला. यावरून वर्षभर मला कोणी बोललं नाही, कारण सुनेशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं.

शेलूबाजारहून थोडं आत आमचं गाव. सून गावात आशाताईचं काम करते. तालुक्याला त्यांना रबराच्या पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलं. घरी येऊन तिने ते उशीवर करून दाखवलं. नवरा ओट्यावरून बघत होता. म्हणाला, "पोरी, उशी वाचली का मेली थे तं सांग." ती पदर सावरून हसली. बारा वर्षांत दोघांचं बोलणं एवढंच, लांबून. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे वळण मीच तिला लावलेलं.

एका सकाळी अंगणात तुरी वाळत घालताना तो पडला. हाक मारली तर ओ नाही. तोंड उघडं, मधूनच एखादा मोठा आचका. शेजारचा चुलतदीर धावत आला. "मिरगी हाये. चप्पल हुंगवा." मी माझी काढून दिली.

"रबराची नाई चालत वयनी, चामड्याची पाह्यजे."

जमलेले सगळे चामड्याची चप्पल शोधायला आळीभर पांगले.

सून घरातून आली. त्याच्याजवळ गुडघे टेकले, सदऱ्याची बटणं तोडली आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवला. मी तिचं मनगट धरलं.

"काय करून राह्यली? सासरा हाये तो तुया."

"आई, श्वास नाही हा. नुसते आचके हायेत. मले दाबू द्या."

"माणसं पाह्यतीन. बरगड्या मोडशील म्हाताऱ्याच्या."

"मोडू द्या! सोडा न हात!"

या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. म्हणूनच मी जास्त घट्ट धरला. कोणीतरी बोलावलेली जीप येईपर्यंत धरला; परत आलेल्यांना वाटलं, मी तिला धरून रडतेय. जीपमध्ये ती त्याच्या पायाशी बसली, हात मांडीवर ठेवून. मंगरूळपीर येईपर्यंत तिने ते उचलले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स आळीपाळीने सगळा भार टाकून छाती दाबू लागले. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. वायरी लावल्या. पडद्यावर सरळ रेघ.

"मशीन हाये न, मंग झटका काहून नाही देत?" मी भांडले.

"आजी, हृदय थरथरत असेल तर झटक्याने ते ठिकाणावर येऊ शकतं. हे पूर्ण थांबलंय. इथे झटक्याचा उपयोग नाही." मग त्याने विचारलं, "पडल्यावर कोणी छाती दाबली होती का? दाबत राहिलं तर मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं. झटका लागू पडायचीही संधी राहते."

"आमच्याकडं कोनाले येत नाही," मी म्हणाले. सून शेजारीच उभी होती.

"दाबलं असतं तं वाचले असते का?" मीच विचारलं.

"सांगता येत नाही. पण संधी होती."

थोड्या वेळाने त्यांनी दाबणं थांबवलं.

मुलगा त्या दिवशी गावात नव्हता. तेरवीला तो भर पंगतीत बायकोला म्हणाला, "येवढी ट्रेनिंग घेतली होती न? माह्या बापाच्या येळेले काय झालं तुले?" ती वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "भाजी वाढ तिकडं."

तिने वाढली.

पुढे वर्षभर बायका तिला टोमणे मारत राहिल्या. मी ऐकत राहिले. मग शाळेत तिने बायकांना जमवून तालुक्याचा तोच रबराचा पुतळा मांडला. तळहात कुठे ठेवायचा, कोपरं सरळ ठेवून कसं जोरात आणि भराभर दाबायचं, ते दाखवत होती. एका पोरीने हसत विचारलं, "अन् सासरा असला तं वं?" सगळ्या खिदळल्या.

मी मागून बोलले, "सासरा असला तरी दाबाचं. ही दाबत होती. म्या हात धरला तिचा."

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "हं, कोपरं सरळ ठेवा. पुढची कोण येते?"

मुलाच्या कानावर गेलंच. आता तो तिच्याशी नीट बोलतो. माझ्याशी बोलत नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नाही.