मुखेडच्या शेळ्यांचं ॲप

आमच्या संस्थेच्या बायका मुखेडला गावोगाव शेळ्यांना लस टोचतात. त्या नोंदी ठेवायचं त्यांचं ॲप लातूरचा एक गृहस्थ बनवतो. काहीही विचारा, तोंडात बडीशेप घोळवत म्हणणार, "करायलोय ना, सर."

गेल्या महिन्यात त्यानं नवं ॲप पाठवलं आणि ते एकाही फोनमध्ये बसेना. "फोनच अडेल हायत," म्हणाला. तासभर खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ॲप आपलंच आहे हे फोनला पटवणाऱ्या जुन्या डिजिटल सहीचा पासवर्ड हा विसरला होता आणि गुपचूप नवी सही करून मोकळा झाला होता. सही बदलली की फोन जुन्या ॲपवर नवं बसवू देत नाही.

"मग जुनं काढून टाका की," तो म्हणाला.

अरे, कुठल्या शेळीला कधी लस दिली, ती सगळी नोंद जुन्यातच आहे! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तो कुणाला न सांगता एसटीनं मुखेडला गेला. बायकांच्या घोळक्यात बसून त्यानं एकेक नोंद वहीत उतरवली, नवं ॲप टाकलं आणि सगळं परत भरलं. "चांदी, उजवा कान फाटका," इथपर्यंत.

परत आल्यावर त्यानं नव्या सहीचा पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "आता लई जपून ठेवा, सर."

मला जरा बरं वाटलं. मी पासवर्ड विचारला.

त्यानं बडीशेप चावली, पंख्याकडं बघितलं.

"आठवायलोय ना, सर."