चंद्रभागाकाकूंचा पारा

दुपारचे दोन वाजले की चंद्रभागाकाकू तराजू होता तसा सोडून दुकानाबाहेर पडायच्या. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात अर्धी साखर आणि समोर पिशवी पसरून उभे असलेले गिऱ्हाईक. "थांब ना बाप्पा, ऊन वाचून येऊ दे," एवढे बोलून त्या पदर डोक्यावर ओढत रस्ता ओलांडायच्या. समोरच्या कडुनिंबाच्या खोडाला टांगलेल्या तापमापकाकडे डोळे बारीक करून पाहायच्या आणि परत येऊन दाराशेजारच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायच्या. फळ्यावर वर कायमचे शब्द होते, 'आजचा पारा'. गावातले टवाळ विचारायचे, "कोणाचा? उन्हाचा का काकूचा?" दोन्ही बहुधा सारखेच असायचे, हे मी अनुभवाने सांगतो.

अल्लीपूरकडे जाणारी एसटी जिथे दोन मिनिटे थांबते, अशा एका गावात मी नव्वदच्या दशकात विज्ञान शिकवत होतो. काकूंचे किराणा दुकान बाजाररस्त्यावर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने कडुनिंब, आणि त्यांच्याखाली वांगी, भेंडी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाया. पृथ्वी तापते आहे, असे काकूंनी रेडिओवर ऐकले. "दुनियेचं मले माईत नाई. आपल्या गावाचं त मोजता येते," म्हणाल्या आणि नागपूरच्या जावयाकडून भिंतीवर लावायचा तापमापक मागवला.

पहिल्याच दिवशी फळ्यावर छप्पन्न हा आकडा झळकला. गावभर हसे झाले. मी मोठ्या शहाणपणाने जाऊन सांगितले, "काकू, तापमान सावलीत मोजतात. उन्हात टांगला तर नळीच तापते, हवेचं काही कळत नाही." त्यांनी आकडा पुसला नाही. त्याखाली लिहिले, 'चुकलं. उन्हात टांगला होता.' चूक चारचौघांत लिहून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, शिक्षकांत तर नाहीच. पण माझे वाक्य त्यांनी पदरी बांधून ठेवले. तापमान सावलीत मोजतात.

पुढे काही वर्षांनी एका उन्हाळ्यात निंबांच्या खोडांवर लाल रंगाचे आकडे पडले. रस्ता रुंद होणार होता आणि झाडे जाणार होती. गाव हळहळले आणि चहा प्यायला लागले. काकूंनी मात्र एक लांबडी वही काढली आणि तिच्यात चार रकाने आखले: तारीख, पारा, कुठं उभे होते, सही. एक तापमापक निंबाखाली, दुसरा एसटी थांब्याच्या टिनाखाली. उन्हात टांगून पुन्हा हसे करून घ्यायचे नव्हते. बाजारातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने दोन्हीकडे जाऊन आकडा वाचायचा आणि वहीत मांडायचा.

"तुमीच लिवा ना काकू, आमाले कायले तरास?" कोणी म्हणाले की उत्तर ठरलेले होते. "एकटीनं लिवलं त येडी म्हणतेत. पन्नास जणाईनं लिवलं त रेकॉड म्हणतेत."

वांगी विकणारी यमुना अडून बसली. "पारा कायले वाचू? माह्यं आंगच सांगते ना."

"आंगाचा पंचनामा होत नाई, बाई. पाऱ्याचा होते. चाल, ऊठ."

यमुनाला आकडे येत नव्हते. काकूंनी तिला तागडीतली वजने दाखवून आठवड्यात आकडे शिकवले. निंबाखालच्या आणि टिनाखालच्या पाऱ्यातला फरक तिने स्वतःच्या तोंडाने वाचला, त्या दिवसापासून तीच इतरांना उठवायला लागली.

पण वहीची सुरुवात माझ्यापासून व्हायची होती. काकू पहिल्या दिवशी शाळेत आल्या होत्या. "पयली ओळ तुमची, गुरुजी. सायन्सवाल्याची सही पाह्यजे." मला बदलीची भीती वाटली. मी म्हणालो, "मी सरकारी नोकर, काकू. अडचण होते." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "बरं, ओळ रिकामी राहू देऊ," म्हणाल्या आणि उन्हात निघून गेल्या.

रस्त्याच्या खात्याचे साहेब झाडतोडीचा हुकूम घेऊन जीपमधून आले ते नेमके दोन वाजता. बाजारातल्या बाया एकेका झाडाला पाठ लावून उभ्या होत्या. साहेबांनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून हुकूम वाचला. "तुम्ही गावाच्या विकासाच्या आड येताय," असेही सुनावले. मग कपाळ पुसत ते निंबाखाली सरकले आणि खोडावर कागद टेकवून लिहू लागले.

"साहेब," काकूंचा आवाज आला, "पंचनामा सावलीत काऊन लिहून राह्यले?"

पेन थांबले.

"जा ना त्या टिनाखाली. तेबी सरकारचंच छप्पर हाय. मोजाले सावली लागते, लिवाले सावली लागते, मंग तोडाले काऊन निंगाले?"

यमुना आधी हसली, मग सगळा बाजार हसला. साहेबांनी पेनला टोपण लावले. हे सगळे मी रस्त्यालगतच्या शाळेच्या खिडकीतून पाहिले.

त्यानंतर खेटे झाले, अर्ज झाले, वहीच्या नकला वर्ध्याला गेल्या. शेवटी पूर्वेची रांग वाचली आणि पश्चिमेची पडली. लोक पेढे घेऊन आले तेव्हा काकूंनी हात पुढे केला नाही. "अर्धी जितलो म्हणू नका. अर्धी हारलो." त्याच पावसाळ्यात त्यांनी पश्चिमेच्या प्रत्येक दुकानदाराला दारासमोर एकेक रोप लावायला लावले, आणि एक शाळेच्या फाटकाशी माझ्या नावाने. ज्याचे रोप सुकले त्याचे नाव पाऱ्याखाली फळ्यावर. माझे नाव दोनदा लागले. तेव्हा राग आला होता, आता त्याचा अभिमान वाटतो.

त्या आजारी पडल्या तेव्हा मी सावंगीच्या दवाखान्यात भेटायला गेलो. नर्सने त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवला होता. मला पाहून हळूच म्हणाल्या, "सावलीतच मोजून राह्यली पोरगी. शिकलेली हाय." मग म्हणाल्या, "झाडाईले पानी टाकत जाजो, गुरुजी." त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तेराव्याला मी दुकानावर गेलो. फळ्यावर आकडा होता, यमुनाच्या वाकड्या अक्षरात. काकूंच्या सुनेने ती वही माझ्या हातात दिली. "आत्याबाई म्हणे, गुरुजी येतीन, त्याईले पयलं पान दाखवजो."

पहिले पान उघडले. तारीख काकूंनीच घालून ठेवली होती, पाराही. बाकीचे दोन रकाने कोरे. त्याखाली गावभरच्या सह्या, अंगठे, पानांमागून पाने.

मी सहीकडे वळलो, पण मध्ये तिसरा रकाना होता. कुठं उभे होते? खोटे लिहिणे सोपे होते, विचारणारी गेली होती. पण छप्पन्नच्या खाली स्वतःची चूक लिहिणारा तो खडू मला आठवत राहिला.

मी लिहिले, 'शाळेत, पंख्याखाली.' आणि सही केली.