पेटीवरची काठी

तळावर त्याला सगळे ठकठक म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही; पण वापरात नसलेल्या कुलपासारखं ते गंजून गेलं होतं. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात ओढ्याच्या काठाला तंबू ठोकायची मोठी जागा आहे, तिचा तो रखवालदार. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की तिथे मुंगीला शिरायला वाव उरत नसे. गाडीला गाडी भिडलेली, एकाच्या तंबूची खुंटी दुसऱ्याच्या चुलीपाशी, नळावर रांग, न्हाणीघरापुढे रांग, आणि शांतता शोधत आलेली माणसं त्या रांगेत उभी राहून एकमेकांवर खेकसतायत. घरी करायचं तेच सगळं इथे येऊन करायचं, फक्त जमिनीवर झोपून! असो. हौसेला मोल नसतं.

प्रत्येक तंबूच्या जागेपाशी एक लोखंडी पेटी जमिनीत पक्की बसवलेली होती. खाण्याचं जे काही असेल, पावापासून थेट दात घासायच्या पेस्टपर्यंत, ते अंधार पडायच्या आत त्या पेटीत गेलं पाहिजे आणि कडी लागली पाहिजे, असा नियम. कारण वरच्या रानात अस्वलं होती, आणि अस्वलाला बंद डब्यातल्या बिस्किटाचाही वास येतो. ठकठक रोज संध्याकाळी काठी घेऊन निघायचा. पेटीवर दोनदा काठी मारायची, कडी ओढून बघायची, तंबूत डोकावून "आत काही राहिलं नाही ना?" असं विचारायचं आणि पुढच्या पेटीकडे वळायचं. लोक वैतागायचे. अस्वल परवडलं पण हा म्हातारा नको, असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. तो ऐकायचा आणि काठी आणखी जोरात मारायचा. या आवाजाचा दुसराही उपयोग होता. वरच्या उतारावरची अस्वलं तो ऐकून माणसांपासून लांब राहायची.

त्यातल्या एका अस्वलिणीवर त्याचा जीव होता. तिचा डावा कान अर्धा तुटलेला, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं होतं कानतुटी. पिल्लू होती तेव्हापासून तो तिला ओळखत होता. ओढ्यापलीकडे रानफळांच्या जाळ्या होत्या, तिथे ती सकाळच्या वेळी चरायला येई. तो अलीकडच्या काठावरून बघत उभा राहायचा. फारच जवळ आली तर दगडावर काठी हाणायचा, की ती टेकडीवर पसार. "ती मला घाबरते म्हणून जिवंत आहे," असं तो बायकोला सांगायचा.

बायको न्हाणीघरांची सफाई बघायची. तिची जीभ अशी होती की तळावरचे लोक तिला मुकादमीण म्हणत. "माझ्याकडे बघायला कधी असे उभे राहिला नाहीत हो," ती म्हणायची.

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण एका माणसाने ती कधी हसण्यावारी नेली नव्हती. तो म्हणजे त्यांचा मुलगा. फाटकाजवळच्या दीड खोलीत तो वाढला. सगळ्या जगाच्या सुट्ट्या त्याने पाहिल्या, स्वतःच्या बापाबरोबरची एक पाहिली नाही. शाळेत असताना एकदा तो बिस्किटांचा पुडा पायरीवर विसरला, तेव्हा ठकठकने त्याला तळावरच्या चारचौघांसमोर थोबाडीत मारली होती. मारायला नको होती. पण हात सुटला तो सुटला. पुढे मुलगा शहरात गेला, नोकरीला लागला, लग्न केलं, आणि एकदा भांडणात म्हणाला, "बाबा, तुम्हाला पोरगा नको होता, अस्वल हवं होतं." त्यानंतर कित्येक वर्षं त्याने या रस्त्याला पाय लावला नाही. नातीला आजोबा कसे दिसतात हे फोटोवरून माहीत होतं.

आणि त्या उन्हाळ्यात तो आला. बायको, मुलगी, नवाकोरा तंबू, सगळं घेऊन आला. मुकादमिणीने सुनेच्या आग्रहाला श्रेय दिलं. ठकठकने कशालाच श्रेय दिलं नाही, तो नुसता तंबूच्या खुंट्या ठोकत सुटला. नात एका जागी उभी राहायची नाही, म्हणून आजीने पहिल्याच दिवशी तिचं नाव भिंगरी ठेवलं. भिंगरी आजोबांच्या काठीला जी चिकटली ती सुटेना. तो फेरीला निघाला की ही पुढे. पेटीवर काठी वाजली की ही ओरडायची, "आत काही राहिलं नाही ना?" ज्या लोकांना म्हातारा डोळ्यांसमोर नको असायचा, ते तिला बघून हसत कडी लावायचे.

फेरी संपली की ती गोष्ट मागायची, आणि त्याच्याकडे गोष्ट एकच होती. पण एकुलत्या एका गोष्टीला त्याने काय काय शेपट्या लावल्या! कानतुटी मावशीला म्हणे थंडीत गुडघेदुखी होते. कानतुटी मावशी जाळीतली फळं खाताना आंबट लागलं की डोळे मिटते. कानतुटी मावशीला जॅमचा फार मोह, पण ती शहाणी, मागत नाही. भिंगरी तोंडात बोट घालून ऐकायची. मुलगा शेजारी बसून चुलीतली लाकडं सारखी करायचा आणि एकदा तर हसलासुद्धा. ते हसू ठकठकने मनात जपून ठेवलं.

तिसऱ्या संध्याकाळी मुलगा फाटकापाशी आला. "बाबा, एक सांगू? आमच्या पेटीवर काठी नका मारू. ती दचकते," त्याने तंबूपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे मान वळवून सांगितलं. "आणि तंबूत डोकावणं वगैरे... आम्ही काय परके आहोत? मी इथेच वाढलोय. मला कळतं पेटीचं."

बरोबरच होतं त्याचं. ज्याने बिस्किटांच्या पुड्यापायी थोबाडीत खाल्ली, त्याला पेटीचं काय शिकवायचं? ठकठकने त्या संध्याकाळी सगळ्या तळावर काठी आपटली आणि त्या एका तंबूपुढून काठी काखेत धरून पावलं न वाजवता गेला. आपण मुलाचा मान राखला असं त्याला वाटलं. घरच्या माणसाची कसली तपासणी करायची, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सुचलं, आणि नेमकं नको तेव्हा सुचलं.

पहाटे उजाडायच्या सुमाराला किंकाळी ऐकू आली. तो पोचला तेव्हा नवाकोरा तंबू एका अंगाने उभा फाटला होता. सून भिंगरीला छातीशी धरून गाडीच्या टपावर चढायला बघत होती, मुलगा हातातला तवा उगारून आडवा झाला होता, आणि दोघांच्या समोर कानतुटी उभी होती. तिने ठकठककडे पाहिलं. त्याने काठी पेटीवर हाणली, आणि ती वळून ओढ्यात उतरली. भिंगरीच्या दंडावर नखाचा एक लांब ओरखडा होता. वाचली पोर. एक वीत इकडेतिकडे झालं असतं तर ही गोष्ट सांगायला माझी जीभ उचलली नसती.

दंडाला पट्टी बांधून घेताना भिंगरी त्याच्या कानाशी आली. "आजोबा, मी पाव ठेवला होता. जॅमचा. उशाशी. मावशी मागत नाही ना, म्हणून. तिने सगळा खाल्ला."

ठकठकला नियम पाठ होता. अन्नाच्या वासाने अस्वल आलं तर दोष माणसाचा. पिंजरा लावून धरायचं आणि पलीकडच्या दरीत नेऊन सोडायचं. पण आत काही नसताना अस्वलाने तंबू फाडला, तर ते माणसावर येणारं जनावर. त्याला गोळी.

उद्यानाचा रेंजर आला. वयाने मुलाएवढा, स्वभावाने सरळ. त्याने पेटीची कडी पाहिली. ती नीट लागलेली होती. तंबूत शोधलं, तिथे काही नव्हतं. "आत खायचं काही होतं का?" त्याने विचारलं.

"काही नव्हतं," मुलगा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. "मी स्वतः सगळं पेटीत टाकलंय."

"मुलीजवळ काही?"

"अहो, तिच्याजवळ काय असणार?" सून रडतच उसळली. "लेकराचा जीव गेला असता आणि तुम्ही तिलाच विचारताय?"

रेंजर ठकठककडे वळला. "काका, तुम्ही फेरीत बघितलं असेलच. काही नव्हतं ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. एक शब्द बोलायचा अवकाश होता. पण तो शब्द बोलला की पुढचे सगळे बोलावे लागणार होते: पाव होता, पोरीने ठेवला, माझ्या गोष्टी ऐकून ठेवला, आणि मी बघितलं नाही. चारचौघांसमोर त्या पोरीकडे बोट. मुलगा काय म्हणेल हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. आणि मग हा रस्ता पुन्हा बंद, या वेळी कायमचा.

"नव्हतं," ठकठक म्हणाला.

"तुम्ही त्या अस्वलिणीला ओळखता," रेंजर म्हणाला. "तुम्हाला यावं लागेल."

ती लपलीसुद्धा नव्हती. ऊन अंगावर आलं तेव्हा ओढ्यापलीकडच्या जाळीत ती नेहमीसारखी चरत होती. "हीच?" रेंजरने विचारलं. ठकठकने मान हलवली. पायाशी दगड होता, हातात काठी होती. एकदा हाणली असती तर ती टेकडीवर गेली असती, निदान त्या दिवसापुरती. "काका, काठी खाली ठेवा, आवाज होईल," रेंजर कुजबुजला. त्याने काठी गवतावर ठेवली, अगदी हळू ठेवली. आवाज झाला तो गोळीचा.

दुपारी मुलाने तंबू गुंडाळला. जाताना त्याने, कोण जाणे किती वर्षांनी, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुम्ही आमच्यासाठी केलंत. मी विसरणार नाही." भिंगरीने काच खाली केली. "आजोबा, तुम्ही त्यांना पावाचं सांगितलंत ना? मग तिला लांब नेऊन सोडलं?"

"सोडलं," तो म्हणाला.

संध्याकाळी मुकादमीण दारात कपडे वाळत घालत होती. त्यात भिंगरीची चादर होती. "उशाकडच्या बाजूला जॅम लागला होता," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "रेंजर यायच्या आधीच बादलीत बुडवली. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका." मग ती आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. तिची जीभ त्या दिवसापासून अर्धी झाली. न्हाणीघरातल्या लोकांना वाटलं, वय झालं.

त्याने मुलगा मागितला होता, तो त्याला मिळाला. दर आठवड्याला फोन यायचा. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, तंबू वरच्या अंगाला ठोकला, आणि मुलगा स्वतःहून म्हणाला, "बाबा, आमच्या पेटीवर पण मारा हं." ठकठक फेरीला निघाला. ओढ्यापलीकडच्या जाळ्यांना त्या वर्षी फळं लगडली होती, आणि ती खायला कोणी येत नव्हतं. त्या बाजूला तो मान वळवून बघत नसे.

भिंगरी एका वर्षात उंच झाली होती. दंडावरचा ओरखडा आता पांढरा पडला होता, आणि तो ती सगळ्यांना अभिमानाने दाखवत होती. स्वतःच्या तंबूपाशी आल्यावर तिने पेटी उघडून दाखवली. "बघा, सगळं आत आहे. मी या वर्षी उशाशी काही ठेवलं नाही. माझ्यामुळे मावशीला तेवढ्या लांब जावं लागलं ना." तिने कडी लावली, ओढून पाहिली आणि वर रानाकडे तोंड केलं. "ती परत आली असेल का हो? तिथून ऐकू येतं ना तिला?"

"येतं," ठकठक म्हणाला.

"मग जोरात मारा आजोबा. ती घाबरली पाहिजे."

त्याने काठी उचलली आणि पेटीवर मारली.

"अजून जोरात," भिंगरी म्हणाली.