तिकडच्यांची धास्ती

गिरणीच्या फाटकातून अनोळखी मोटार आत शिरली की सुगंधाबाईचा चेहरा पांढरा पडायचा. "चुप बसा वो बायांनो, तिकडचे आले!" ती दबक्या आवाजात दटावायची. मग आत बसलेला माणूस सेठचा साला का असेना!

गोंदियाजवळच्या त्या राइस मिलमध्ये मी हिशेबाला होतो. आमच्याकडे उसना, म्हणजे उकडा तांदूळ व्हायचा. धान भिजवायचा, वाफवायचा आणि सिमेंटच्या पटांगणावर उन्हात पसरायचा. बाया अनवाणी पायांनी त्यात सऱ्या ओढत, धान उलटत दिवसभर फिरायच्या. पटांगण असं तापायचं की मला चपला घालूनही तिथं उभं राहवत नसे. नागरा गावची सुगंधाबाई त्यांची मुखिया. दाणा दाताखाली फोडून ती म्हणायची, "अजून कच्चा आहे, फिरा!"

सेठनं आफ्रिकेत माल पाठवायला सुरुवात केली आणि पहिल्याच खेपेत काळे दाणे निघाले म्हणून तक्रार आली. सेठ पटांगणावर येऊन ओरडला, "ऐसा माल जाएगा तो वो लोग दुबारा पूछेंगे भी नहीं!" त्या दिवसापासून बाईच्या मनात 'तिकडचे' जे शिरले ते निघालेच नाहीत. समुद्र कसा असतो हे तिनं पाहिलं नव्हतं, पण त्याच्या पलीकडून कोणीतरी आपल्या पायांकडं बघतंय याची तिला खात्रीच होती.

"एक कारा दाणा दिसला तं आपली रोजी गेली समजा," ती बजावायची. पाणी प्यायला थांबलेल्या बाईलाही हाकलायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, जरा दम घेऊ दे की त्यांना."

"तुले का समजते बाबू? तू सावलीत बसून राहिला!"

खरंच होतं ते.

पुढचा माल असा गेला की तिकडून चौपट मागणी आली. सेठनं पेढे वाटले, माझा पगार वाढला, फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली. पण एवढा धान पटांगणावर वाळणार कसा? मोठ्ठा ड्रायर आला. नारळ फुटला, बायांनी टाळ्या वाजवल्या. मग सेठ सुगंधाबाईला म्हणाला, "बाई, अब आँगन का काम नहीं रहा. कल से मत आना."

ती धापा टाकत माझ्या टेबलापाशी आली. "बाबू, खरं सांग. तिकडच्या लोकायले आमचा धान नाई आवडला का?"

"फार आवडला, बाई. म्हणून तर जास्त मागितला. म्हणून मशीन आली."

ती खालीच बसली. "म्हंजे मीच..." इतकी घाबरलेली मी तिला कोणत्याच मोटारीपुढं पाहिली नव्हती. "बायांले हे नोको सांगू, बाबू. उन्हात मीच पळवलं त्यायले. माल खराब निघाला म्हण."

फाटकापाशी बायांनी मला गराडा घातला. "काऊन बंद केलं जी आमचं काम?" सुगंधाबाई मागं उभी होती, तोंडावर पदर दाबून.

"माल खराब निघाला," मी म्हणालो.

बायांतली एक पुढं आली आणि हात जोडून म्हणाली, "सेठले सांग ना बाबू, पुढच्या खेपेले आमी आणखी चांगला करून देऊ."