बिनचाकाचा नंदी

आमच्या थोरल्या काकूला आम्ही मोठी आई म्हणायचो. देवळीतल्या आमच्या गल्लीत ती दयाळू म्हणून प्रसिद्ध होती, आणि तिची सगळ्यात जास्त दया माझ्या वाट्याला यायची. लहानपणी तापात माझा डावा पाय वाळला होता. दिवाळीला तिनं तिच्या आणि आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना चपला घेतल्या, मला बसायला बस्कर. जत्रेतून बाकीच्यांना भोवरे आणले, मला जपमाळ. ती हातात घेऊन मी तिच्या नावानं बोटं मोडायचे.

पण खरा राग तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी नंदी दोरीनं ओढत दारोदार नेतात. घरची बाई वाकून नंदीचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा म्हणून काही खाऊ ठेवते. त्या वर्षी मोठ्या आईनं सगळ्यांना नंदी आणले. माझ्या नंदीला तिनं सुताराला चाकं लावूच दिली नव्हती.

"तुले कुठं फिरवाचा आहे? फळीवर ठेवजो, बसल्या बसल्या पूजा करजो," असं म्हणत तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

सगळी गल्ली नंद्यांमागं निघून गेली. मी ओट्यावर बसून तिचं वाटोळं चिंतलं, अगदी मनापासून.

पुढल्या वर्षी पोळा जवळ आला तेव्हा आईनं मला विचारलं, "तुले कसा नंदी पायजे?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"मले धरून चालता येईन असा."

आईनं मला भिंतीशी उभं केलं, कमरेएवढी दोरी कापली आणि केळझरला तिच्या माहेरी पाठवून दिली. त्या मापाचा नंदी करून आला. जड, रुंद, वशिंड माझ्या मुठीत बसेल असं. चाकं मुद्दाम घट्ट बसवलेली, नाहीतर तो मला टाकून पळाला असता. मी अंगणात त्याच्यासोबत रोज पडायचे नि उठायचे. उठताना मोठ्या आईचं दार आठवायचं.

सणाच्या सकाळी बाबा वंगण घेऊन आले, चाकं फारच करकरत होती. "राहू द्या, घसरन तो," मी म्हटलं.

नंदीला धरून मी गल्लीतल्या पोरांच्या पुढं निघाले, ती थेट तिच्या दारी. चाकांचा आवाज ऐकूनच मोठी आई तांब्या घेऊन दारात आली. वाकली, नंदीचे पाय धुतले, कुंकू लावलं. ती उठायच्या आत मी झोळीतून तिनं दिलेला नंदी काढून पायरीवर ठेवला.

"ह्याले चाकं नाई, म्हणून उचलून आणला. ह्याचेही पाय धू."

मागची पोरं हसली. सणाच्या दिवशी नाही म्हणता येईना, म्हणून ती पुन्हा वाकली. तिचं तोंड माझ्या वाळक्या पायासमोर होतं. मी परकर खाली ओढला नाही.

बोजारा देताना ती म्हणाली, "एवढा मोठा नंदी ठेवशीन कुठं?"

"ठेवाचा नाई, मोठ्याई. फिरवाचा आहे."

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा तिच्याच बंद दारावरून करकरत आले. मग आणखी एकदा. वंगण मी त्याचसाठी लावू दिलं नव्हतं.