झऱ्याची लांबची वाट

सोलापुरात कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. मराठी पाचवी पुरी होण्याआधीच माझी शाळा सुटली. तथापि मामलेदारापासून कलेक्टरापर्यंत साहेबलोकांच्या नजरेखालून माझे जितके लिखाण गेले आहे, तितके या शहरातील एखाद्या पदवीधराचेही गेले नसेल. हे बढाईखातर सांगत नाही. पुढील हकीगत नीट समजावी, म्हणून व्यवसायाचा उल्लेख प्रथम करणे इष्ट.

त्या वर्षी श्रावणात माझ्या कुटुंबास छातीचा ताप आला. ताप उतरला, पण धाप राहिली. आमची खोली गिरणीच्या भिंतीस लागून. चुलीपुढून उठताना तिला खांब धरावा लागे, आणि पाण्याची कळशी तर शेजारणीच आणून देत. दवाखान्यातील डॉक्टरांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले.

"हिला या धुरातून बाहेर काढा," ते म्हणाले. "मोकळ्या हवेत रोज चालू द्या. अंगात बळ आलं की एखादा डोंगर चढायला लावा. नीट चढून उतरली, तर घरी आणा. धाप लागली, तर मात्र वर्षभर छातीच्या दवाखान्यात ठेवावं लागेल."

आमच्या चाळीतील एक बाई त्या दवाखान्यात गेली होती. ती परत आली नव्हती. त्या रात्री कुटुंबाने धाकट्या मुलीस स्वतःजवळ निजविले.

नातेपुत्यास माझी मावसबहीण असते. मुलींना माझ्या आईकडे सोपवून कुटुंबास तेथे पोहोचविले. ती रोज पहाटे गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत चालत जाई. दिवाळी होऊन ज्वारी गुडघ्यास लागली, तेव्हा बहिणीचा निरोप आला की आता डोंगर दाखवायला हरकत नाही. मी कोट, पागोटे व छत्री घेऊन नातेपुत्यास दाखल झालो.

तेथून घाटाच्या अंगाने एक सर्व्हिस मोटार जात असे. ती पायथ्याच्या वडाखाली थांबून इंजिनात पाणी भरी, आणि दिवस कलताना त्याच वाटेने माघारी येई. वडाजवळून राखीव जंगलाची हद्द सुरू होत असे; आत चराईस बंदी. चुना फासलेले दगड, त्यांच्या पलीकडे हिवर, खैर, तरवडाची पिवळी फुले आणि वर सरळ कड्यापर्यंत वाळलेले गवत. आत पायवाटा मात्र पुष्कळ. एक देवळाकडे, एक खिंडीकडे, एक झऱ्याकडे. मेहुण्यांनी सांगितले होते की डाव्या हाताची वाट धरली, तर झरा जवळच आहे. पुढे फाटे फुटतात, तेथे कोणासही विचारावे.

उतरताना मी ड्रायव्हरास बजावले, "आमची मंडळी आजारी आहेत. परत येताना थोडे थांबावे लागले, तर थांबा."

"थांबतो की," तो म्हणाला. "पर फार न्हाय हां, रावसाहेब. वळनावर हारन वाजवीन. ऐकलं की निघायचं."

पहिला फाटा आला, तेथे एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता. खांद्यावर घोंगडे, आणि आसपास झुडुपांतून शेळ्यांच्या पाठी दिसत होत्या. कोणाशीही बोलण्याची माझी एक रीत आहे, आणि ती कचेरीच्या अनुभवाने सिद्ध झालेली आहे. समोरचा कोण हे ठरल्याखेरीज कामाचे बोलू नये.

"नाव काय?" मी विचारले.

त्याने काठी सरळ केली. नाव सांगितले.

"बापाचे नाव? राहणार कोठे? या शेळ्या कोणाच्या?"

त्याने बापाचे नाव सांगितले, वाडीचे सांगितले, आणि शेळ्यांकडे पाठ करून म्हणाला, "कुटल्या शेळ्या, सायेब?"

"असो. झऱ्याची वाट कोणती?"

त्याने डाव्या वाटेकडे एकदा पाहिले. मग उजवीकडे काठी केली. "ही. सरळ जावा. लई जवळ हाय."

मेहुण्यांनी डावी वाट सांगितली होती. परंतु ऐकीव माहितीपेक्षा जागेवरचा साक्षीदार अधिक विश्वासार्ह, हा सर्वमान्य नियम आहे. आम्ही उजवीकडे वळलो.

ती वाट वर चढू लागली आणि चढतच राहिली. एक टेपाड संपले की दुसरे दिसे. मी मागे राहून कुटुंबाच्या श्वासाकडे कान लावला होता. खोकला येतो का, हात कमरेवर जातो का, थांबते का, एवढेच मी पाहत होतो. डोंगर मी पाहिलाच नाही. आल्याच्या वड्यांची पुडी आणि पाण्याचा तांब्या हाताशी तयार ठेवला होता.

"बस थोडी," मी म्हणे.

"आत्ता तर बसले होते की."

"आत्ता कोठे? ते खाली."

"अहो, दम तुम्हाला लागलाय. तुम्ही बसा, मी तोवर बोरं वेचते."

मी बसे, ते केवळ तिला विश्रांती मिळावी म्हणून. तिने पदरात बोरे भरली, काटा रुतला तर स्वतःच काढला, आणि शेजारणीच्या सुनेची एक लांबलचक गोष्ट सांगावयास लागली. ती गोष्ट आम्ही माथ्यावर पोहोचलो तरी संपली नव्हती. झऱ्याचा मात्र पत्ता नव्हता. माथ्यावरून पाहिले, तेव्हा तो पलीकडच्या घळीत, आम्ही निघालो त्या फाट्याच्या जवळजवळ डोक्यावरच दिसला. आम्ही सबंध डोंगराला वळसा घातला होता.

घळीत उतरलो, तर तेथे सगळा कळप पाणी पीत होता, आणि एक बाई घागर भरीत होती. आम्हास पाहताच तिने घागर टाकली व शेळ्या हाकलू लागली.

"सायेब, आजच्या दिस सोडा! पान्यापुरतं आलो वो. कोंडवाड्यात नका घालू!"

मी काही बोलण्यापूर्वीच माझे कुटुंब दगडावर बसून हसू लागले.

"अगं बाई, साहेब कसले! हे सोलापुरात कचेरीपुढं बसून अर्ज लिहितात. मी आजारी, म्हणून मला डोंगर दाखवायला आणलंय."

"जंगलाचं सायेब न्हाईत?"

"जंगलाचे नाहीत, गावाचे नाहीत. घरात सुद्धा नाहीत."

त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि झुडुपाकडे वळून ओरडली, "आवं, या की भाईर! सायेब न्हाईत ह्ये!"

झुडुपातून तोच काठीवाला बाहेर आला. "आक्का, ह्यांनी पैलाच शबुद 'नाव काय' असा इचारला," तो म्हणाला. "मग बापाचं नाव. मग शेळ्या. मी म्हनलं, झालं, आता कागद काढत्यात. म्हनून त्या अंगानं लावून दिलं. सायेबाचं पाय दुकलं की सायेब माघारी फिरत्यात."

"आणि नाव?" मी विचारले. "ते तरी खरे होते?"

"त्ये यांच्या आज्याचं," बाई म्हणाली. "त्याला मरून लई वर्सं झाली. त्याला कोन धरनार?"

माझी प्रश्नांची रीत आजही मला योग्यच वाटते. परंतु त्या क्षणी रागावणे मला सुचले नाही. कारण कुटुंब त्या बाईशी बोलत होते, हसत होते, पुन्हा बोलत होते, आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वासासाठी कोठेही थांबत नव्हते. जवळची वाट धरली असती, तर झऱ्यापर्यंतचा तो अर्धा चढ चढून मी डॉक्टरांना काय सांगितले असते? थोडी सुधारणा आहे, एवढेच. आता सबंध डोंगर तिच्या पायाखालून गेला होता. माझ्या छातीवरचे श्रावणापासूनचे ओझे कोणी उचलून बाजूस ठेवावे तसे झाले. मी तोंड फिरवून झऱ्यात हात धुतले, आणि बराच वेळ धूत राहिलो.

बाईने शेळीचे दूध काढून दिले. ते पीत असतानाच खाली मोटारीचा हॉर्न वाजला.

"चला, चला!" म्हणून कुटुंब उठले आणि जवळच्या वाटेने खाली पळाले. मी मागून "अगं, सावकाश!" म्हणून ओरडत राहिलो. ओरडण्यापुरताही दम उरेना, तेव्हा छत्रीच्या आधाराने उतरू लागलो. वळणावरून मला दिसले की ती वडाखाली पोहोचली आहे, मोटारीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी आहे, आणि ड्रायव्हरशी भांडते आहे.

मी पोहोचलो, तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. चाकाच्या वरच्या पत्र्यास धरून उभा राहिलो. ड्रायव्हरने मला पाहिले, तिला पाहिले, पुन्हा मला पाहिले.

"रावसाहेब, सकाळी आजारी कोन म्हनला होता वो तुमी?"

मोटारीतील सर्व उतारू हसले. मी हात हलविला. तो उत्तरादाखल होता की आत बसण्याची परवानगी म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही. कुटुंबाने आल्याच्या वड्यांची पुडी माझ्या कोटाच्या खिशातून काढली व एक वडी माझ्या तोंडात घातली.

"उद्याची गाडी बघा," ती म्हणाली. "मुलींच्या वेण्या कोण घालतंय, कुणास ठाऊक."