हिरूमावशीची जीप आणि दिल्लीचा डॉक्टर

आमच्या धंद्यात किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही, ते स्वतःच्या चाकांवर चालत येतात. डहाणू रोड स्टेशन सोडून तलासरीकडं निघालात की डाव्या हाताला एक पत्र्याची केबिन लागते. तिथं मी पीयूसी काढतो. म्हणजे गाडीच्या सायलेन्सरात नळी घालायची, धूर तपासायचा आणि सर्टिफिकेट द्यायचं. मशीन गरम होईपर्यंत माणूस समोर उभा असतो, त्याला दुसरं काम नसतं, मग तो बोलतो. आणि निम्म्या वेळा तो माझ्यावरच संशय घेत असतो!

दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराला तर संशयाला ऊत आला होता. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद झाल्याची बातमी आमच्याकडं पोचली होती. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला आपल्याकडं पर्यावरण कर होताच. त्यात कुणीतरी उठवलं की आता जुनी गाडी मुंबईत न्यायची तर दहिसरच्या नाक्यालाच पैसे मोजावे लागणार. खरं किती, खोटं किती, देवाला ठाऊक. पण जुन्या गाडीवाला प्रत्येक माणूस माझ्याकडं असा बघायला लागला की हे सगळं मीच केबिनमध्ये बसून ठरवलंय.

* * *

उधव्याचा देवजी हा भाताची शेती करणारा साधा माणूस. एक दिवस तो शेअर रिक्षातून उतरला. खांद्यावर गोणी. गोणी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आणि आतून दोन वस्तू काढल्या. एक बाईकची नंबरप्लेट आणि एक सायलेन्सर.

"काढ पीयूसी."

"अरे, बाईक कुठाय?"

"घरी."

"बाईकशिवाय कशी काढू?"

"तू काय करतोस ते मी बघून गेलोय," देवजी म्हणाला. "नंबरप्लेटचा फोटो काढतोस आणि सायलेन्सरात नळी घालतोस. दोन्ही आणलंय. बाकीच्या बाईकला तू हात पण लावत नाय!"

मी त्याला समजावलं की इंजिन चालू असावं लागतं. तो हसला. हे हसणं माझ्या ओळखीचं आहे. समोरचा आपल्याला गंडवतोय हे कळल्यावर माणूस असा हसतो.

"पीयूसी नाय तर पोलीस रस्त्यात पकडणार. आणि पीयूसी काढायला गाडी रस्त्यावरनंच आणायची. म्हणजे पकडायलाच बोलावताय ना?"

मी सायलेन्सर उचलून परत त्याच्या गोणीत घातला.

* * *

माझ्या शेजारी हर्षदभाईंचं गॅरेज आहे. आमच्या दोघांच्या मधे एक बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर हिरूमावशीचा कायमचा हक्क. मावशी नरपडची. घरची होडी होती तेव्हा ओली मासळी विकायची, नंतर सुक्यावर आली. बोंबील, सुकट, जवळा टोपल्यांत भरायचा आणि तलासरी, उधवा, झरी असे बाजार करायचे. सुक्या मासळीची टोपली दिसली की रिक्षावाले मान फिरवून निघून जातात, म्हणून तिनं एक जुनी डिझेल जीप घेतलेली. चालवायला मुलगा किशोर. ही जीप होती म्हणून बाजार होता, आणि बाजार होता म्हणून घरात चूल पेटत होती.

त्या जीपला आता पंधरा वर्षं पुरी होत आली होती. पुढं चालवायची तर पासिंग, पर्यावरण कर, आणि त्याआधी माझी पीयूसी. हर्षदभाईंनी इंजिन उघडून बघितलं आणि मान हलवली. "मावशी, आमां कंई दम नथी, जीव संपलाय हिचा. धूर बघा ना!" किशोरचं म्हणणं, विकून टाकू आणि दिल्लीची स्वस्तातली घेऊ. मावशीचं म्हणणं, जे स्वस्त मिळतं त्यात काहीतरी मेलेलं असतं!

तिचा माझ्या मशीनवरही विश्वास नव्हता. एकदा ती बाकड्यावरून उठली, हर्षदभाईंच्या ओठातली पेटती बिडी काढून घेतली आणि माझ्या मशीनच्या नळीपुढं धरली.

"सांग, पास की नापास?"

"मावशी, हे गाडीसाठी आहे. बिडीनं काटा हलणार नाही."

"म्हणजे पास!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "आणि मी माझ्या नवऱ्याला जन्मभर उगाच शिव्या दिल्या!"

* * *

चिकूच्या वाडीवाले एक शेठ आहेत, नाव सांगत नाही, रोज माझ्याच रस्त्यानं जातात. आमच्या भागात हद्द एवढी जवळ की माणूस इथं राहतो, लग्न तिथलं करतो आणि गाडी ज्या बाजूला कर कमी त्या बाजूची ठेवतो. शेठची गाडी गुजरातची. मग कुणीतरी त्यांच्या कानात भरलं की शेजारी तक्रार करणार आहे. शेठ घाबरले. धावपळ करून गाडी महाराष्ट्राच्या नावावर करून घेतली आणि नंबरप्लेट रंगवायला टाकली. पेंटरनं मागची लावली, पुढची म्हणाला अजून ओली आहे, उद्या या.

शेठना तेवढा धीर कुठला! त्याच दिवशी उंबरगावला लग्न. निघाले. तलासरीच्या पुढं नाक्यावर एक पोलीस गाडीपुढं उभा राहिला, दुसरा मागं. पुढचा म्हणाला, "गाडी गुजरातची आहे." मागचा म्हणाला, "गप रे, महाराष्ट्राची आहे." दोघं एकमेकांकडं संशयानं बघायला लागले, मग दोघं मिळून शेठकडं.

शेठनी काच खाली केली. "साहेब, बॉर्डरवर उभी आहे ना गाडी! तोंड गुजरातेत, बूड महाराष्ट्रात!"

पावती फाटलीच. पण पोलीस इतके हसले की शेठ मंगलाष्टकांना वेळेवर पोचले.

* * *

त्याच काळात हितेश आमच्याकडं यायला लागला. वापीकडचा एजंट. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या आणून इकडं विकायचा. बोलायला गोड, शर्ट नेहमी पांढरा. त्याच्या सगळ्या गाड्या एकाच प्रकारच्या माणसानं चालवलेल्या असायच्या.

"डॉक्टरनी गाडी छे! एक हाती चाललेली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

पहिली डॉक्टरची, दुसरी डॉक्टरची, तिसरीही डॉक्टरची. शेवटी हर्षदभाईंनी विचारलं, "हितेश, दिल्लीत एवढे डॉक्टर, तर तिथली माणसं आजारी का असतात रे?"

हितेशनं ते हसण्यावारी नेलं. चौथी गाडी आणली, तीही डॉक्टरची. फक्त या वेळी बाईडॉक्टर.

* * *

त्यातली एक गाडी झरीच्या गुरुजींनी घेतली. गुरुजी शाळेत शिकवतात, पाड्यावर त्यांच्या शब्दाला मान. पण चकचकीत गाडी एवढ्या स्वस्तात आली म्हणताच सगळा पाडा बुचकळ्यात पडला. चोरीची असेल? कुणी मेलं असेल आत? पोलीसपाटील रोज संध्याकाळी येऊन गाडीभोवती एक फेरी मारून जायचा. काचेला नाक लावून आत बघायचा.

गुरुजींनी पूजेला भगताला बोलावलं. भगत म्हणजे पाड्यावरचा पूजाविधी करणारा म्हातारा. नारळ, शेंदूर, लिंबू सगळं मांडलेलं, आणि भगत हात मागं बांधून उभा.

"आधी सांगा, हिला आधीच्या मालकानं का टाकलं?"

गुरुजींनी शाळेत सांगतात तसं फोड करून सांगितलं. तिथं कायदा आहे, दहा वर्षं झाली की डिझेल गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणून विकली.

"मोडली नाय?"

"नाही."

"बिघडली नाय?"

"नाही. फक्त वय झालं."

भगतानं नारळ परत पिशवीत टाकला. "वय झालं म्हणून टाकणाऱ्याची गाडी तुम्ही घरी आणताय, गुरुजी. उद्या माझ्याकडं बघाल!"

शेवटी पूजा झाली. पण भगताच्या अटीवर. आधी गुरुजींनी सगळ्या पाड्यासमोर कबूल करायचं की भगत मरेपर्यंत दुसरा भगत आणणार नाही.

* * *

आणि मग तो दिवस आला ज्याची किशोर वाट बघत होता. मावशीच्या जीपची मुदत संपत आली होती. त्यानं हितेशला बोलावून घेतलं. हितेश सात सीटांची पांढरी गाडी घेऊन आला आणि नेमकी माझ्या केबिनसमोर उभी केली. पलीकडं टोपल्या भरलेली मावशीची जीप. तिथून थेट तलासरीच्या बाजाराला निघायचं होतं.

"मावशी, बोनेट बघा, टायर बघा. डॉक्टरनी..."

मावशीनं बोनेटकडं ढुंकून पाहिलं नाही. सुक्या मासळीच्या बाजारात वरचे बोंबील कुणी बघत नाही. वर लावलेला माल चांगलाच असतो. हात थेट टोपलीच्या तळाला घालायचा आणि तळचं वर काढायचं, ही तिथली रीत. मावशीनं किशोरला मागची सीट उचकटायला लावली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

बिस्किटाचा कागद निघाला. पेनाचं टोपण निघालं. मग एक निळा मास्क निघाला, कानाला अडकवायचे रबर असलेला, वर सशाचं चित्र.

"हा कुणाचा?"

"डॉक्टरचाच ना!" हितेश लगेच म्हणाला. "डॉक्टर लोक लावतात तोंडाला."

मावशीनं तो मास्क स्वतःच्या तोंडावर धरला. त्यात तिचं नुसतं नाक मावलं.

"एवढ्याशा तोंडाचा डॉक्टर?"

हर्षदभाई फस्सकन हसले. मीही हसलो. हितेशसुद्धा हसला आणि आता खोटं चालणार नाही हे बघून म्हणाला, "अहो मावशी, लहान पोराचा असेल. दिल्लीत थंडीच्या दिवसांत पोरं असं लावूनच शाळेत जातात. हवा बहु खराब तिथली. श्वास लागतो पोरांना."

"कशानं खराब?"

"धूर ना. गाड्यांचा..." हितेश मधेच थांबला.

"कुठल्या गाड्यांचा?"

हितेशनं खिशातून फडकं काढलं आणि आधीच चकचकीत असलेलं बोनेट पुसायला लागला. आमचं हसू केव्हाच थांबलं होतं. रोज धूर मोजतो मी, पण तो कुणाच्या नाकात जातो हा विचार काही रोज करत नाही.

किशोर हळूच म्हणाला, "आई, दुसरी बघू मग. पण आपली काय आता पास होणार नाय. काहीतरी घ्यायला लागेलच."

मावशीनं मास्कची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मग माझ्याकडं वळली. "नळी आण. आपली जीप लाव."

"मावशी, आज कशाला? हर्षदभाई थोडं काम करतील, पंप साफ करतील, मग लावू. आज लावली तर..."

"आजच लाव."

मी नळी घातली. डिझेल गाडीला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा लागतो, तेव्हा कुठं खरा धूर बाहेर येतो. किशोरनं हळूच दाबला. मावशी जीपच्या मागं जाऊन उभी राहिली, अगदी सायलेन्सरच्या तोंडाशी.

"पूर्ण दाब!"

"आई, बाजूला हो!"

"दाब म्हणते ना!"

त्यानं दाबला. काळा लोट उठला. हितेश नाकाला रुमाल लावून गॅरेजच्या पायरीवर चढला. हर्षदभाई दोन पावलं मागं सरकले, मीही सरकलो. मावशी हलली नाही. तिचं पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत काळपट झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती तिथंच.

मशीनवर आकडा आला. मी वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नको," ती खोकत म्हणाली. "दिसतंय मला."

किशोरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पाय अजून ॲक्सिलरेटरवरच. मागं टोपल्या गच्च भरलेल्या. "आई, मग आता बाजाराचं काय करायचं?"

"आधी बंद कर," मावशी म्हणाली.